विश्लेषण : धानाच्या जिल्ह्यात ‘भात बंद’चा सल्ला कितपत पचतो?

रक्तातील साखर, इन्सुलिन आणि पोट भरल्याची भावना ही तीन वेगवेगळी मापे आहेत. भाताचा तिन्हींवर काय परिणाम होतो? आणि भंडारा जिल्ह्यातील रोजच्या ताटात नेमके काय बदलता येईल?

भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला ‘जीआय’ मिळाला आहे, हे जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. हा ‘जीआय’ म्हणजे भौगोलिक मानांकन. मात्र घरात कुणाला ‘शुगर’ निघाली की दुसऱ्याच ‘जीआय’ची चर्चा सुरू होते. तो म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. पहिला जीआय तांदूळ कुठला ते सांगतो. तोच तांदूळ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते, हे दुसऱ्यावरून कळते. या दुसऱ्या जीआयच्या यादीत भाताचा आकडा बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतो. त्यामुळे डॉक्टरांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो : भात बंद करा.

सल्ला दोन शब्दांचा असला, तरी ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळा भातच शिजतो तिथे तो पाळणे सोपे नाही. बहुतेक घरांत काही दिवस पोळी होते, मग रोवणीचे दिवस येतात आणि ताट पुन्हा पूर्वीसारखे होते. काही जण गोळ्या सुरू असतानाच भात एकदम सोडतात आणि नव्याच संकटात सापडतात. म्हणून ‘भात खायचा की नाही’ यापेक्षा ‘भात किती, कसा आणि कशासोबत’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

भंडाऱ्यात हा प्रश्न वेगळा का?

वैनगंगेच्या खोऱ्यातील आणि मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात धान हेच मुख्य पीक आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत घरचे धान भरडून आणण्याची पद्धत आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत करण्यात आले आहे.

महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६७ ग्रॅम धान्य होते. ते फुकट मिळते, डाळ मात्र विकत घ्यावी लागते. अंडी, मासे, दूध आणि भाजी यांचेही पैसे मोजावे लागतात. ताटात भाताचा डोंगर आणि वाटीत पातळ वरण दिसते, त्यामागे आवडीपेक्षा हा हिशेब मोठा आहे. ‘भात बंद’ म्हणणाऱ्याने म्हणूनच त्या जागी काय खायचे, हेही सांगायला हवे.

प्रश्न फक्त या जिल्ह्यापुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून म्हणजे तांदूळ, गहू, साखर अशा पदार्थांतून येते, असे त्यात आढळले.

घास पोटात गेल्यावर साखरेचे काय होते?

भातातील मुख्य घटक म्हणजे स्टार्च. स्टार्च ही ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी असते. ती तोडण्याचे काम लाळेपासून सुरू होते आणि लहान आतड्यात पूर्ण होते. सुटे झालेले ग्लुकोज तिथून रक्तात उतरते.

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्यातील साखरेचे प्रमाण दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असते. गुणाकार केला तर संपूर्ण रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असते. दुसरीकडे, १५० ग्रॅम तांदळाचा भात एका बैठकीत खाल्ला तर त्यातून सुमारे ११७ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. चमचाभर साखर असलेल्या रक्तात वीस-बावीस चमचे साखर येऊ घातली आहे, असे हे गणित आहे.

एवढी साखर रक्तात साचू न देण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. तलाव आणि बांध्यांचे उदाहरण घेतले तर हे चटकन लक्षात येईल. तलावाचे पाणी पाटातून येते आणि एकेका बांधीचे तोंड उघडले की आत शिरते. रक्त हा पाट, तर स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी या बांध्या आहेत. इन्सुलिन त्यांची तोंडे उघडते. पाणी हळूहळू आले तर सगळीकडे मुरते. एकदम लोंढा आला, किंवा बांध्यांची तोंडे नीट उघडलीच नाहीत, तर पाट भरून वाहतो. इन्सुलिन असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, या अवस्थेला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. टाइप २ मधुमेहाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

अंगाने सडपातळ असलेल्यांना साखर का होते?

‘मी तर वाळलेला, मला शुगर कशी होईल?’ हा प्रश्न शेतावर राबणारे अनेक जण विचारतात. याचे उत्तर पुण्यात झालेल्या कामात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. भारतीय बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून किती वेगळी असू शकतात, हे त्या छायाचित्राने जगाला दाखवले. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी अधिक असेल, तर साखर साठवायला जागा कमी पडते. त्यामुळे सडपातळ दिसणे हा मधुमेह नसल्याचा पुरावा ठरत नाही.

ग्लायसेमिक इंडेक्स कसा मोजतात?

टोरांटो विद्यापीठातील डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ खायला देऊन पुढील दोन तास रक्तातील साखर मोजतात. तेवढ्याच शुद्ध ग्लुकोजने होणारी वाढ १०० धरून तुलना केली जाते. आकडा ५५ किंवा त्याखाली असेल तर जीआय कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० किंवा त्यावर असेल तर जास्त समजला जातो.

या आकड्याची एक मर्यादा आहे. तो वेग सांगतो, पण ताटात किती वाढले आहे ते सांगत नाही. त्यासाठी ‘ग्लायसेमिक लोड’ म्हणजे एकूण भार काढतात. पदार्थाचा जीआय गुणिले त्यातील कर्बोदके भागिले १००, असे त्याचे सूत्र आहे. भार १० पर्यंत असेल तर कमी आणि २० किंवा अधिक असेल तर जास्त मानतात.

सगळा तांदूळ सारखाच का?

नाही. तांदळातील स्टार्च दोन प्रकारचे असते. अमायलोज सरळ आणि घट्ट बांधलेले असल्याने हळू पचते. अमायलोपेक्टिनला फांद्याच फांद्या असल्याने ते लवकर सुटते. मोकळा भात होणाऱ्या तांदळात साधारणपणे अमायलोज अधिक असते, तर चिकट भाताच्या तांदळात ते कमी असते. दाणा बारीक की ठोकळ, यावरून मात्र जीआय ठरत नाही. महागडा बारीक तांदूळ वाईट आणि रेशनचा ठोकळ तांदूळ चांगला, किंवा याच्या उलट, असा नियम लावता येत नाही.

धानावर गिरणीत काय प्रक्रिया होते, यानेही फरक पडतो. धान भिजवून, वाफवून आणि वाळवून मग भरडले की उकडा म्हणजे ‘उष्णा’ तांदूळ तयार होतो. या प्रक्रियेत दाण्यातील स्टार्चची रचना बदलते आणि वरच्या थरातील काही जीवनसत्त्वे आत मुरतात. त्यामुळे साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकड्या तांदळाचा जीआय बहुतेक वेळा कमी निघतो. ‘तेलंगणा सोना’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आरएनआर १५०४८ या वाणाचा जीआय ५१.५ इतका नोंदवला गेला आहे. बाजारात ‘शुगर फ्री तांदूळ’ म्हणून विकला जाणारा माल अशाच कमी जीआयच्या दाव्यावर विकला जातो. पण तांदळात स्टार्च असतेच. शुगर फ्री तांदूळ अशी गोष्टच नसते.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाबद्दलही अनेकांच्या मनात शंका असते. त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी १२ जीवनसत्त्व असलेले दाणे मिसळलेले असतात. त्यांचा उद्देश रक्तक्षय कमी करणे हा आहे. साखर वाढण्या-न वाढण्याशी त्यांचा संबंध नाही.

पोहे आणि मुरमुरे हेही तांदूळच, पण चपटे केलेले किंवा फुललेले. मुरमुऱ्यांचा दाणा फुलताना स्टार्च मोकळे होते आणि झटपट पचते. ते हलके लागतात, पण साखर वेगाने वाढवतात. खूप शिजवून मऊ केलेला भात आणि पातळ पेज यांचेही तेच. विदर्भात पोह्यांवर हरभऱ्याची तर्री घालतात. नुसत्या पोह्यांपेक्षा ही जोडी साखरेच्या दृष्टीने बरी, फक्त त्यात पोहे कमी आणि हरभरे अधिक हवेत.

मग तांदळाची जात बदलावी की प्रमाण?

साधा हिशेब मांडून पाहू. एका वेळी १५० ग्रॅम तांदळाचा भात, जीआय ७० धरला आणि कर्बोदके ११७ ग्रॅम, तर भार होतो सुमारे ८२. तेवढाच भात कमी जीआयच्या, म्हणजे ५५ आकड्याच्या तांदळाचा केला तर भार सुमारे ६४ होतो. फरक पडला, पण भार अजूनही जास्तच आहे.

आता तांदूळ पूर्वीचाच ठेवून प्रमाण निम्मे, म्हणजे ७५ ग्रॅम केले तर भार ४१ वर येतो. सोबत ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण घेतले तर त्याचा भार साधारण ५. एकूण ४६. महागडा तांदूळ विकत घेण्यापेक्षा घरचाच तांदूळ कमी शिजवून डाळ घट्ट करणे अधिक परिणामकारक ठरते, ते असे.

भात सोडून पोळी धरली तर? दोन मध्यम पोळ्यांत सुमारे ६० ग्रॅम कणीक आणि ४० ग्रॅम कर्बोदके असतात. ५० ग्रॅम तांदळाच्या भातातही जवळपास तेवढीच मिळतात. पोळीतील कोंड्यामुळे थोडा फायदा होतो, पण भाताऐवजी सहा पोळ्या खाल्ल्या तर हिशेब जुळत नाही. ‘इंडियाब’च्या आहार-अभ्यासातही हेच दिसले. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून फक्त भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणले, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली आढळली नाही. कर्बोदकांतील ५ टक्के ऊर्जा डाळी किंवा दुधासारख्या प्रथिनांतून घेतली, तिथे मात्र ती कमी आढळली. हा एका वेळच्या पाहणीचा निष्कर्ष आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम त्यातून पक्के होत नाहीत. दिशा मात्र स्पष्ट दिसते.

याच हिशेबात चहाही धरायला हवा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर होते. भात निम्मा करून चहा तसाच ठेवला, तर अर्धे काम अपुरेच राहते.

इन्सुलिनचा हिशेब वेगळा कसा?

साखर वाढली की इन्सुलिन वाढते, हे खरे असले तरी अपुरे आहे. सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट, जेनी ब्रँड-मिलर आणि पीटर पेटोच यांनी १९९७ मध्ये ३८ पदार्थांचा ‘इन्सुलिन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरी मिळतील इतकाच दिला होता. मासे आणि मांस यांनी साखर फारशी वाढली नाही, तरीही इन्सुलिन बऱ्यापैकी स्रवले. दह्याच्या बाबतीतही साखरेच्या तुलनेत इन्सुलिन अधिक आढळले.

कारण प्रथिनांतील अमिनो आम्लेही इन्सुलिनला चालना देतात. अन्न आतड्यात पोहोचले की तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके सुटतात आणि स्वादुपिंडाला आधीच सूचना देतात. म्हणजे इन्सुलिन वाढवणारा प्रत्येक पदार्थ वाईट, असा अर्थ काढता येत नाही. डाळ किंवा मासा भातासोबत खाल्ला की पोट हळू रिकामे होते, इन्सुलिन वेळेवर येते आणि साखरेची उडी लहान राहते.

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द घराघरांत पोहोचला तो दोन वेळच्या जेवणाच्या चर्चेमुळे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी हा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो राज्यभर नेला. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्याचा गाभा आहे. मधल्या वेळचा गोड चहा, बिस्किटे आणि फरसाण बंद झाल्याने अनेकांना फायदा होतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र दोन जेवणांत किती आणि काय खाल्ले, यावर इन्सुलिनची मात्रा ठरतेच. उपाशी असतानाही थोडे इन्सुलिन स्रवत राहते आणि ते जगण्यासाठी आवश्यक असते. मधुमेहाची औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे आहे.

पोट भरल्याची भावना कुठून येते?

हे तिसरे माप आहे. जठर ताणले गेले की त्याचा संदेश मेंदूला जातो. आतड्यातून जीएलपी-१, पीवायवाय आणि कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरके सुटतात आणि ‘आता पुरे’ अशी सूचना देतात. या सगळ्याला साधारण वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्याला ही सूचना जेवण झाल्यावर मिळते.

होल्ट यांच्याच गटाने १९९५ मध्ये तृप्तीचा निर्देशांकही मोजला होता. पांढऱ्या ब्रेडला १०० धरून २४० कॅलरींचे ३८ पदार्थ खायला दिले आणि दोन तास भुकेची नोंद ठेवली. पांढऱ्या भाताला १३८, माशाला २२५ आणि उकडलेल्या बटाट्याला तब्बल ३२३ गुण मिळाले. केकला मात्र ६५च.

उकडलेल्या बटाट्याने साखर वेगाने वाढते, तरी तृप्तीत तो पहिला आला. म्हणजे साखर, इन्सुलिन आणि तृप्ती ही तिन्ही मापे एकमेकांबरोबर चालतातच असे नाही. ‘भात खाल्ल्याशिवाय पोट भरत नाही’ या म्हणण्यातही तथ्य आहे. भातात पाणी भरपूर असते, त्याने जठर लगेच भरते. पण सोबत प्रथिने आणि भाजी नसेल तर पोट लवकर रिकामे होते आणि काही तासांत पुन्हा भूक लागते. धान, तलाव आणि वैनगंगा असलेल्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर फार लांब नाही. भातासोबतचा मासा तृप्ती वाढवतो आणि स्वतः कर्बोदके आणत नाही.

शिळ्या भाताने साखर कमी वाढते का?

थोडी कमी वाढते. शिजलेला भात थंड झाला की त्यातील काही स्टार्च पुन्हा घट्ट होते आणि लहान आतड्यात पचत नाही. त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातील एका लहान अभ्यासात, ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी स्टार्च आढळले. २४ तास ४ अंश सेल्सिअसला ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात ते १.६५ ग्रॅम होते. १५ निरोगी व्यक्तींमध्ये या भाताने साखरेची वाढही कमी झाली.

आकडा अडीचपट दिसला तरी मुळात तो छोटा आहे. शिळा भात भरपूर खाल्ला तर हा फायदा उरत नाही. शिवाय उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याचे विष पुन्हा गरम करूनही पूर्ण जात नाही. शिळा भात खायचाच असेल तर शिजल्यावर लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवलेलाच खावा.

ताटात काय बदलता येईल?

पहिला बदल वाढण्याच्या क्रमाचा आहे. न्यूयॉर्कमधील वेल कॉर्नेल संस्थेने २०१५ मध्ये ११ मधुमेही रुग्णांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण तेच होते. आधी भाजी आणि प्रथिने, पंधरा मिनिटांनी कर्बोदके, असा क्रम ठेवल्यावर अर्ध्या तासानंतरची साखर सुमारे २९ टक्के आणि तासाभरानंतरची ३७ टक्के कमी आढळली. आपल्याकडे आधी भाजी आणि घट्ट वरणाची वाटी संपवून मग भात वाढून घेतला, तरी हा क्रम साधतो. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा बदल ताटाच्या वाटणीचा. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ, मासा किंवा अंडे आणि पाव ताटात भात, ही सर्वसाधारण शिफारस आहे. धुऱ्यावरची तूर, धानानंतर ओलीवर येणारा हरभरा, मूग आणि जवस हे याच मातीतले पदार्थ आहेत. लाखोळीतही प्रथिने भरपूर असतात, पण महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले तर पायांत लुळेपणा येऊ शकतो. त्यामुळे ती रोजचा आधार नसावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

तिसरा बदल जेवणानंतरचा. दहा-पंधरा मिनिटे चालले तरी काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. दिवसभर बांधीत राबणाऱ्याला हे सांगायला नको. पण रोवणी आणि कापणीचे दिवस संपतात, काम थांबते आणि भात मात्र तेवढाच राहतो. साखरेचा हिशेब तिथे बिघडतो.

गोळ्या सुरू असताना भात एकदम सोडला तर?

ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनची इंजेक्शने जेवण असो वा नसो, साखर खाली आणतात. त्यांची मात्रा रुग्ण नेहमी जेवढे खातो त्यावर ठरवलेली असते. भात एकदम बंद केला, किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी चिखलात उतरले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. शेतात ती ‘ऊन लागले’ किंवा ‘अशक्तपणा आला’ म्हणून दुर्लक्षित होऊ शकतात.

रुग्ण शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि नंतर जेवण द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे. अशा गोळ्या घेणाऱ्याने कामावर जाताना शिदोरीत साखरेची पुडी ठेवावी. भात कमी करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे गोळीची मात्राही त्यानुसार ठरवता येते.

तपासणीत कोणती काळजी घ्यावी?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह मानला जातो. ठळक लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी पुन्हा चाचणी करतात. एचबीएवनसी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा असल्याने इथे एक सावधगिरी गरजेची आहे. सिकलसेलच्या रुग्णांत लाल पेशी लवकर मरतात. त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि ‘शुगर ताब्यात आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. सिकलसेलचे वाहक असलेल्यांतही हा आकडा फसवा ठरू शकतो. अशांनी तपासणीपूर्वी डॉक्टरांना ही माहिती द्यावी. उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेवर अधिक भर देता येतो.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. गावातील आशा सेविका, उपकेंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात त्याची विचारणा करता येते. ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांना आणखी एक सोपी चाचणी घरीच करता येईल. एका दिवशी नेहमीचे ताट, दुसऱ्या दिवशी निम्मा भात आणि घट्ट वरण. दोन्ही दिवशी जेवायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजून आकडे लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो कागद सोबत नेला, तर ‘भात बंद’ऐवजी ‘तुमच्यासाठी किती भात’ यावर बोलता येईल.